पहिल्याला की दुसऱ्याला

—नाही नाही, हसायचं नाही ताई, तडे जातात. हसलात की संपलं, सगळा लेप पुन्हा लावायला लागतो. तोंड अजिबात हलवायचं नाही, बोलायचं तर नाहीच. पाणी हवं असेल तर उजवा हात वर करा, खाज सुटली तर डावा. डोळ्यांवरच्या पट्ट्या गार वाटतायत ना? मान नका हलवू! बोटानं सांगा. हां, शाबास. तर काय सांगत होते मी — तो भाग. पाहिलात ना तुम्ही? पाहिलाच असणार, गेले पंधरा दिवस या खुर्चीत बसलेल्या एकाही बाईनं दुसरा विषय काढलेला नाही. ते अंतराळातलं स्टेशन, आणि आत ती एकटी. नवरा बाहेर अँटेना दुरुस्त करायला गेलेला, मग वादळ काय, संपर्क तुटणं काय, आणि मग दारावर ठकठक. ती खिडकीतून बघते, तर बाहेर दोन नवरे! तोच पोशाख, तेच तोंड, दोघंही म्हणतायत, मी आलोय, उघड. आणि दार उघडणार एकदाच, एकालाच, कारण हवा तेवढीच. माझ्या तर हातातली वाटी तशीच राहिली. मग ती हुशार, विचारते दोघांना — आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी काय घातलं होतं? पहिला खेकसतो, 'ही काय विचारायची वेळ आहे? उघड आधी, गारठलोय मी.' आणि दुसरा कसा मऊ आवाजात — 'पिवळा फ्रॉक. आणि तुझ्या एका चपलेचा बंद तुटला होता.' ती हात ठेवते दांड्यावर... आणि संपला भाग! बसा आता आठवडाभर बोंबलत.

त्या आठवड्यात या दुकानात जे झालं ना, ते त्या स्टेशनवरही झालं नसेल. समोरच्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, पहिल्याला उघडायचं, ज्याला काही आठवत नाही तोच खरा नवरा, दुसऱ्याला आठवतंय म्हणजे नक्कल आहे ती. कॉलेजातली एक पोरगी भुवया करून घेत होती, ती तशीच उठून बसली — म्हणे दुसऱ्याला, खरा असो नसो, ऐकून तरी घेतो! औषधांच्या दुकानातली म्हणाली, कुणालाच नाही. एवढं मोठं स्टेशन एकटीला मिळतंय, ओला टॉवेल पलंगावर टाकायला कुणी नाही, दार कशाला उघडायचं? शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई वेगळ्याच चिडलेल्या, अवकाशात हवा नाही, मग ठकठक ऐकू आलीच कशी? मी म्हटलं, बाई, दोन नवरे आलेले चालले तुम्हाला आणि ठकठक चालत नाही? दोघी तर अशा भांडल्या, की एक अर्ध्या डोक्याला रंग तसाच घेऊन निघून गेली. अर्धी पांढरी, अर्धी काळी, तरातरा रस्त्यानं. खरं सांगू का, मी जरा काड्या करत होते. पहिल्याच्या बाजूची आली की मी दुसऱ्याची, दुसऱ्याच्या बाजूची आली की मी पहिल्याची. वेळ बरा जातो. आणि माझ्या सासूबाई — त्या वर घरी असतात, तिसऱ्या मजल्यावर — त्यांचं मत ऐका. म्हणाल्या, 'दोघांनाही घे म्हणावं आत. एक बाहेरच्या कामाला, एक घरात.'

अहो, पोट हलतंय तुमचं! श्वास घ्या, लांब श्वास.

आता बाहेर मी गंमत करत होते ते ठीक, पण घरात मात्र... म्हणजे काय झालं, तो भाग आम्ही तिघंही बघत होतो. एका टोकाला मी, एका टोकाला आमचे हे, मध्ये सासूबाई. हे लिफ्टचे मेकॅनिक. उन्हाळ्यात लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरताना पाय घसरला आणि गुडघा गेला, तेव्हापासून घरी. आणि गंमत बघा, शहरभरच्या लिफ्ट यांनी चालवल्या आणि आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही! तर गुडघ्यापासून माणूस अगदी बंद झालं होतं. जेवायला वाढलं, जेवलं. विचारलं, 'हं.' नाही विचारलं, तेही नाही. आधी भांडायचे तरी, दणदणीत भांडायचे, मीठ कमी का, खिडकी उघडी का, माझा स्क्रू-ड्रायव्हर कुणी हलवला. ते पण बंद. मी म्हटलं दुखत असेल, बरं वाटलं की बोलतील. तर त्या दिवशी भाग संपला, जाहिरात लागली, आणि हे एकदम म्हणतात, 'तू कुणाला उघडलं असतंस?' कित्येक महिन्यांत माणसानं पहिल्यांदा मला काही विचारलं! आणि मी काय म्हणावं? पटकन बोलून गेले — 'दुसऱ्याला!' मला तो चपलेचा बंद आवडला हो, दुसरं काही मनात नव्हतं. तर सासूबाई म्हणाल्या, 'मी पण.' यांची स्वतःची आई! हे उठले, काठी घेतली, आत गेले. टीव्ही तसाच चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उशाशी चहा. मला वाटलं सासूबाईंनी ठेवला, तर दारात हे उभे. म्हणतात, 'झोप लागली का नीट?' मी आधी यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता! मग कामाला खाली आले, तर दुपारी हे तीन मजले उतरून थर्मास घेऊन हजर. 'दमली असशील.' ही खुर्ची — तुम्ही बसलायत ती — वर घेताना कुईकुई करायची, कित्ती वेळा सांगितलं होतं, जरा तेल घाला. त्या दिवशी न सांगता घातलं. दोन दिवसांनी संध्याकाळी विचारतात, 'ती अर्ध्या डोक्याची बाई परत आली का?' म्हणजे ऐकलं होतं! मी बोलत होते ते ऐकलं होतं! मी स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना म्हटलं, दुसरा आला हो आपल्याकडे. तर त्या फिदीफिदी हसायला लागल्या, पदर तोंडात धरून. आणि मग आम्ही दोघींनी — आता काय सांगू तुम्हाला, हात धुऊन घेतले. सासूबाई म्हणायच्या, अरे पेपर वाचून दाखव, की वाचायचे. मी म्हणायची, पडदे काढायला हवेत, की काढायचे. वरच्या माळ्यावरची पेटी खाली, खालची वर. हे काहीही सांगितलं तरी 'हो, करतो ना.' चेहरा असा शांत, गोड. एकदा मला म्हणतात, 'आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू जांभळं काहीतरी घातलं होतंस.' आयुष्यात मी जांभळं घातलेलं नाही! मला शोभतच नाही. नंतर धाकट्या बहिणीचा फोन आला, ती हसून हसून बेजार. यांनी तिला चोरून फोन करून विचारलं होतं, तिलाही ठाऊक नव्हतं, तिनं दिला एक रंग ठोकून. पण ताई, विचारायला गेलं ना माणूस? मी म्हटलं, हो, जांभळंच होतं, किती लक्षात आहे तुमच्या!

आता बोट का वर करताय? पाणी? नाही? — आहाहा, कळलं, पुढचा भाग तुम्ही पाहिलात आणि मला सांगायचंय, एक की दोन! बोट खाली घ्या आधी. मला कळायला नकोय. नाही पाहिला आम्ही तो भाग. का नाही पाहिला म्हणजे... तो लागला त्याच संध्याकाळी हे झालं ना.

दुकान जरा लवकर बंद केलं, म्हटलं भाग चुकायला नको, आणि जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हे बसलेले. शेजारी पिशवी, सासूबाईंनी काहीतरी आणायला पाठवलेलं. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, आणि गुडघा — नका विचारू, नारळाएवढा. डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून बसले होते. माझी चाहूल लागली तसे डोळे उघडले आणि लगेच तो चेहरा केला, गोड! 'आलीस? दमली असशील.' डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलेलं, आणि आम्ही दोघी पडदे काय, पेटी काय, थर्मास काय... किती वेळा हा माणूस चढला-उतरला असेल! मी ओरडले, दुखत नाही का तुम्हाला? तर म्हणतात, 'काही नाही गं, तू काळजी करू नकोस.' तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. जिन्यात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं, मी म्हटलं — ह्याला घालवा! हा नको मला! माझ्या नवऱ्याला बोलवा!

यांनी काठी आपटली पायरीवर. आणि मग काय आवाज काढला म्हणून सांगू — 'मग दिसत नाही का, केवढा सुजलाय ते! पडदे काय आत्ताच धुवायचे होते? आणि त्या पेटीत आहे काय, दगड भरलेत?' खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून बघितलं. आणि मला इतकं बरं वाटलं, ताई, इतकं बरं वाटलं, मी तिथेच पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. हसतही होते. मी पण दिलं उलट, कमी नाही दिलं, म्हटलं तोंड नाही का तुम्हाला, नाही म्हणता येत नाही? आणि भांडता भांडता मध्येच हे थांबले. म्हणाले, 'मला परत लिफ्टवर चढवणार नाहीत. कंपनीनं सांगितलंय. खड्ड्यात नाही, केबिनवर नाही, कुठेच नाही.' कधी सांगितलं? तर म्हणे झाले दिवस. एवढे दिवस हे मनात घेऊन बसलं होतं माणूस, आणि आम्हाला वाटत होतं गुडघा दुखतोय. म्हणाले, 'तू दुसरा म्हणालीस. आई पण दुसरा म्हणाली. मला वाटलं, बरोबरच आहे. पहिल्याचा आता उपयोग काय?'

...हे मी का सांगतेय तुम्हाला? तुम्ही पहिल्यांदाच आलायत. हे बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही मी. तुम्ही गप्प बसता ना, म्हणून होतं असं. म्हणजे मीच गप्प बसवलंय, पण तरी.

मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तापलेला होता नुसता. तेवढ्यात सासूबाई, कठड्याला धरून धरून वरून खाली. सगळं ऐकलेलं. कानानं कमी ऐकू येतं म्हणतात, पण नको ते बरोबर ऐकू येतं. मला वाटलं आता रडतील, जवळ घेतील. छे! हातातला पेपर गुंडाळला आणि यांच्या डोक्यात हाणला. 'गाढवा, मी थट्टा केली. तुझ्याऐवजी दुसरा आणला असता तर त्याला मी जन्म दिलाय का?' मग दोघींनी मिळून धरून वर नेलं, पायरी पायरी, हे प्रत्येक पायरीला ओरडतायत, 'इकडे धर, तिकडे नको, जीव घेता का!' वर जाऊन बर्फ लावला, पाय उशीवर घेतला आणि तिघंही बोलत बसलो, जेवण थंड होईपर्यंत. टीव्ही लावायचं कुणाच्या लक्षातच नाही आलं.

नाही नाही, संपलं नाही, वाळू द्या अजून थोडं, हनुवटीपाशी ओलं आहे. हां, नोकरीचं सांगायचं राहिलंच. मीच पाठीस लागले, म्हटलं कंपनीत जाऊन विचारा तरी, चढता येत नाही तर बसून करण्यासारखं काही आहे का? गेले, काठी टेकत, शिव्या देत. तर दिलं हो त्यांनी काम! फोनवरचं. लिफ्ट मध्येच बंद पडते ना, आत माणूस अडकतं, घाबरतं, आतला फोन लावतं, तर तो उचलायचा आणि मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. यांनी! ज्यांनी महिनोन्महिने 'हं'च्या पुढे शब्द काढला नाही, त्यांनी लोकांना धीर द्यायचा! सोमवारपासून आहे. म्हणून सध्या घरात तालीम चाललीय. मी कपाटाआड उभी राहायची, लिफ्टमध्ये अडकलेली बाई, आणि हे पलंगावरून फोनवर बोलणार. पहिल्याच दिवशी मला म्हणतात, 'सारखी बटणं कशाला दाबता? तुम्हीच बिघडवली असेल!' मी म्हटलं, अहो, मी आत मरायला टेकलेय, आणि तुम्ही मला रागावताय? 'मग काय गाणं म्हणू?' सासूबाई मात्र अडकायला एकदम तयार. त्या यांना विचारतात, बाळ तुझं लग्न झालंय का, बायको कशी आहे रे? आणि हे म्हणतात, 'आजी, बायको भांडखोर आहे, तुम्ही दारापासून लांब उभ्या राहा.' परवा तर छान बोलले. म्हणाले, माणूस निघालाय तुमच्याकडे, मी इथेच आहे, फोन ठेवणार नाही. साधंच आहे, नाही? पण मी कपाटाआड होते ना... बरं वाटलं.

बघू, गालावर बोट लावते. वाळलं. आता पट्ट्या काढते, एकदम डोळे उघडू नका. काय हो, डोळे पाणावलेत तुमचे? लेप गेला असेल आत. जातो कधी कधी. आता बोललात तरी चालेल, पण तो भाग सोडून — कुणाला उघडलं तिनं ते माझ्या दुकानात—

थांबा, फोन. यांचाच. ही काय तालमीची वेळ आहे, दुकान चालू आहे ना माझं! हॅलो? हो... हो, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. एकटीच आहे आत. दिवा गेलाय. नाही हो, बटणं नाही दाबत. तुम्ही बोला, मी ऐकतेय... ताई, नळ तिकडे कोपऱ्यात आहे, कोमट पाण्यानं धुवा, चोळायचं नाही. टॉवेल खुंटीला. जा तुम्ही, मला वेळ लागेल. अडकलेय मी.