दरवान परत येतो

दिग्दर्शक : ...आणि मग पडदा पूर्ण काळा. नुसता टापांचा आवाज. ताई, तुमच्या आईंची चाळीस पानांची लढाई मी चार मिनिटांत बसवलीय, आणि एकही घोडा वाया गेलेला नाही.

लेक : आधी खाली उतरा. आईच्या खुर्चीवर उभे आहात तुम्ही.

दिग्दर्शक : अरे देवा. बुरुजावरून कसं दिसेल ते दाखवण्याच्या नादात चढलो.

लेक : दिसलं मला. अंगावर काटा आला. पाच जाडजूड खंड अडीच तासांत मावतील असं आईलाही वाटलं नसतं.

दिग्दर्शक : मग करताय ना सिनेमाच्या करारावर सही?

लेक : तुमच्या पटकथेत म्हातारा दरवान तिसऱ्या खंडात मरतो. पुढे दिसतच नाही.

दिग्दर्शक : मेल्यावर कसा दिसेल? पुस्तकातली चूक आहे ती. तिसऱ्यात मेलेला माणूस चौथ्यात येऊन खुशाल दार उघडतो. मी शाळेत असताना आईंना पत्रसुद्धा लिहिलं होतं.

लेक : 'आपल्या लक्षात आलेले दिसत नाही' वाले ते तुम्ही होय? आई हसून हसून बेजार झाली होती.

दिग्दर्शक : उत्तर मात्र आलं नाही.

लेक : काय लिहिणार होती? मी नऊ वर्षांची होते. तिसरा खंड छापून आला, तिनं मला वाचून दाखवला. दरवान मेला म्हणून मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पुस्तकं तर दुकानात गेलेली. मग चौथा तिनं त्याच्यापासूनच सुरू केला.

दिग्दर्शक : म्हणजे मुद्दाम? थांबा. थांबा हं.

(पुन्हा खुर्चीवर चढतो.)

दिग्दर्शक : बाहेर दमलेली राजकन्या. दारामागं कंदील हलतो. आधी फक्त किल्ल्यांचा जुडगा, मग तो थरथरता हात. चेहरा नाहीच. तरी अख्खं थिएटर ओळखेल त्याला. ताई, चार वर्षं मी याच प्रसंगाच्या शोधात होतो, आणि कापला तोच.

लेक : मग ठेवताय?

दिग्दर्शक : ठेवताय काय, सिनेमा त्याच्यावरच उभा राहील. पण कारण लागेल. कसा परतला तो? मंत्र, जडीबुटी, काहीतरी?

लेक : आईनं काही दिलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

दिग्दर्शक : का?

लेक : परत आलेल्या माणसाला कारण कोण विचारतं? द्या ते पेन.

दिग्दर्शक : हे घ्या. आणि माफ करा, उतरतो मी.

लेक : राहू द्या. आई गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलंही नव्हतं. कंदील कुठे हलतो, ते पुन्हा दाखवा.