न सांगता वाढलेला कांदा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. एखाद्याच्या भल्यासाठी त्याला फसवलं, आणि त्याचं खरोखरच भलं झालं — तर ते पाप की पुण्य? लगेच माना डोलवू नका. मीही आधी डोलवली होती.

वाईत अनुजा नावाची एक सून. शिकलेली, टापटिपीची आणि जरा धास्तावलेल्या स्वभावाची — मुलगी शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी. सासूबाईंचं नाव द्वारकाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. चातुर्मासात कांदा-लसूण खायचा नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्यांचं वेगळं शिजायचं, बाकीच्यांचं वेगळं. आता चातुर्मासाच्या तोंडावर येते कांदेनवमी. भजी, थालीपीठ, झुणका — चार महिन्यांचा कांदा एका दिवसात पोटात! देव वरून बघत असेल, म्हणत असेल, सोडताय की साठवताय?

एका वर्षी कांदेनवमीला घरात पाच किलो कांदे उरले. अनुजानं ते पातळ चिरले, मंद आचेवर परतत बसली. घाई केली तर कांदा करपतो, वाटण कडू होतं. म्हणून तासभर कालथा हातातून सोडला नाही. बदामी झाल्यावर आलं, लसूण, काश्मिरी मिरची, धने-जिरे, भिजवलेले काजू. कडेनं तेल सुटलं, तसं गार करून मिक्सरमधून गंधासारखं वाटलं, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. हॉटेलात दहा मिनिटांत भाजी टेबलावर येते ना, ती अशाच वाटणावर. इथे किती जणींच्या फ्रीजरमध्ये आहे? हात वर करू नका, शेजारी सासूबाई बसल्यात.

श्रावणात द्वारकाबाईंना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकाची शक्ती घेऊन गेला. फोडणी जळली तरी कळेना. वास नाही म्हणून चव नाही, चव नाही म्हणून जेवण नाही. “माती चघळल्यासारखं वाटतं गं,” म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, “काहीही खाऊ दे, पण खाऊ दे.”

एका दुपारी अनुजानं लेकीसाठी, रेवासाठी, पनीरच्या भाजीत त्या गोठवलेल्या वाटणाच्या दोन वड्या टाकल्या. भाजी झाली, आणि तिचा डाव सासूबाईंच्या वाटीकडे गेला. चुकून नाही, मंडळी. चुकून गेला असता तर मला आज आख्यान लावावं लागलं नसतं.

द्वारकाबाईंनी घास घेतला. थांबल्या. “यात काय घातलंयस?”

“दुधी,” अनुजा म्हणाली. “दुधी आणि काजू वाटून.”

“गोडसर लागतंय. तिखटही कळतंय जिभेला. वाढ अजून.”

झालं! रोज एक वडी. दुधी, दुधी आणि दुधी. बाजारात दुधी नव्हता त्या आठवड्यातही दुधी. दिवाळीपर्यंत बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. सांगा, यात कुणाचं काय बिघडलं?

कार्तिकात द्वादशीला नेम सुटायचा. शेजारणी जमल्या. द्वारकाबाई तुळशीपुढे हात जोडून म्हणाल्या, “नेम सांभाळला म्हणून देवानं माझी चव परत दिली. आता कांदा जन्मभरासाठी सोडला.”

अनुजा नैवेद्याचं ताट धरून मागे उभी. तेव्हा बोलायचं होतं. नाही बोलली. पण जन्मभराच्या नेमात कांदा कालवायचा तिला धीर होईना. दुसऱ्या दिवसापासून वडी बंद.

ताट पुन्हा सरकलं. आणि द्वारकाबाईंनी काय अर्थ लावला? “माझ्या हातून काहीतरी चुकलं गं. देवानं दिलेलं परत नेलं.” त्यांनी सोमवारी एकभुक्त धरलं. मग गुरुवारी निर्जळी. आधीच अन्न जात नाही, त्यात उपास! तिसऱ्या गुरुवारी देवघरातून उठताना त्या भिंतीला धरून खाली बसल्या. अनुजानं त्यांना सावरलं, आणि तिथेच सगळं सांगून टाकलं.

द्वारकाबाई भिंतीला टेकून सावरून बसल्या. मग म्हणाल्या, “आहे का अजून ते? दाखव.”

ट्रे त्यांनी मांडीवर घेतला. बर्फाचं पाणी लुगड्यावर ओघळत होतं.

“छान वाटलंयस,” म्हणाल्या. “मला विचारलं असतंस, तर मी खाल्ला असता गं. आजारी माणसाला मुभा असते. देवापुढे हात जोडले असते — यंदा जमत नाही रे बाबा. पण ते सांगायचं माझं होतं.”

“आई, तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली.”

“म्हटलं असतं, तर तेही माझंच होतं.”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर अनुजाला बरं वाटलं असतं. “देवापुढे सोडला तो सोडला,” म्हणाल्या, आणि पुढची दोन वर्षं जमेल तेवढं, मीठ-मिरची वाढवून जेवल्या. पण जेवणाआधी वाटी नातीपुढे धरायच्या. “रेवा, वास घे गं. कांदा आहे का?”

सात वर्षांची पोर, आईकडे न बघता वाटी नाकाशी न्यायची. “नाही, आजी.” मग आजी पहिला घास घ्यायची. अनुजा डाव हातात घेऊन समोर उभी. दोन वर्षं, दोन्ही वेळा. सासूबाई गेल्या तोवर.

तर पाप की पुण्य? मला नाही ठरवता येत. बांगड्या मनगटावर आल्या होत्या, हेही खरंच आहे. पण मी माझ्या लेकीच्या पराठ्यात पालक लपवते. तुमच्यातलं कुणी वडिलांच्या ताकात गोळी कुस्करत असेल. आपण घाबरतो, आणि त्या भीतीला माया म्हणतो. आज घरी पानं घ्याल, तेव्हा समोरच्याला सांगा यात काय आहे ते. नको म्हणाला तर भांडा, रडा, पण सांगा. देवाला नैवेद्य दाखवताना झाकण काढतो ना आपण? मग माणसापुढेच का झाकून ठेवतो?

आता डोळे मिटा, हात जोडा. रोज देवाचं नाव घेतो. आज आधी त्या माणसाचं नाव मनात घ्या, ज्याला आपण न सांगता वाढलं.