आठ-चाळीसच्या बसमधला अनोळखी इसम

साहेब – ...आणि खाली कंडक्टरनं लिहिलंय, "सदर अनोळखी इसम मधल्या थांब्यावर चढला. त्याने प्रवाशांची तिकिटे तपासली, एका बाईंना खाली उतरवले व पुढच्या थांब्यावर तो स्वतःही उतरून निघून गेला. मी त्यास ओळखत नाही." नाना, हा कंडक्टर तुम्हाला ओळखत नाही.

नाना – नसेल ओळखत. नवीन असेल.

साहेब – बावीस वर्षं झाली त्याला. तुम्ही निवृत्त होईपर्यंत तुमच्याच मार्गावर होता. दोनदा मेमो दिलात त्याला. माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, पण मेमो देणाऱ्याचं तोंड विसरत नाही.

नाना – मग खोटं कशाला लिहिलं त्यानं?

साहेब – तेच विचारायला बोलावलं तुम्हाला.

नाना – मला वाटलं, चहाला बोलावलंस.

साहेब – चहाही आहे. घ्या, गार होतोय.

नाना – हे बघ, पिकलेले केस, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. शहरातले निम्मे म्हातारे असेच दिसतात. एवढ्यावरून कुणी कुणाला पकडत नाही.

साहेब – बाईंची तक्रार वाचतो. "त्यांनी तिकीट हा शब्दही उच्चारला नाही. डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले." खिडकीबाहेर बघायचं, म्हणजे ज्याच्याकडे तिकीट नाही तो आपोआप गडबडतो. हे मला कुणी शिकवलं, नाना?

नाना – पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

साहेब – मी वहीत लिहून घेतलं होतं.

नाना – दार लावून घेतोस का जरा?

साहेब – लावलेलंच आहे.

नाना – चष्म्याचा नंबर बदलायला निघालो होतो रे. बसमध्ये चढलो, दांडीला धरून उभा राहिलो. आणि हात गेला पुढे. आपोआप गेला, शप्पथ. पहिल्या सीटवरच्या माणसानं खिशातून तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं. दुसऱ्यानं ठेवलं. कुणी विचारलं नाही, बाबा रे, तू कोण. चार महिने घरी बसलोय. घरात पाण्याचा पेला आपणहून कुणी पुढे करत नाही. आणि तिथं ओळीनं बावीस जणांनी तिकिटं पुढे केली.

साहेब – मोजलीत?

नाना – सवय.

साहेब – आणि वाचलीत?

नाना – वाचता कुठं येत होती! म्हटलं ना, चष्म्याचा नंबर बदलायला चाललो होतो. नुसती धरायची, मान हलवायची, परत द्यायची.

साहेब – मग त्या बाई आल्या.

नाना – त्यांना सापडेना. पर्स मांडीवर रिकामी केली बिचारीनं. डबा, किल्ल्या, रुमाल, खडू. मी घड्याळ बघत होतो.

साहेब – घड्याळ बघायचं, हेही वहीत आहे.

नाना – त्या म्हणाल्या, आत्ताच काढलंय, कंडक्टरला विचारा. मी म्हटलं, कंडक्टर बोलत नसतो, तिकीट बोलतं. कंडक्टर खरंच बोलला नाही. जमिनीकडे बघत होता. मग मी म्हटलं, उतरा.

साहेब – तिकीट होतं त्यांच्याकडे. संध्याकाळी घरी भांडी घासायला घड्याळ काढलं, तर पट्ट्याखाली घडी करून ठेवलेलं. तक्रारीला टाचलंय. हे बघा.

नाना – नको दाखवूस.

साहेब – नाना, मला एकच कळत नाही. माझ्यासमोर तुम्ही शंभर माणसांना सांगितलंय, "ताई, घड्याळाचा पट्टा बघा. काका, शर्टाची बाही बघा." अर्ध्याहून जास्त वेळा तिथंच सापडायचं. त्या दिवशी का नाही सांगितलंत?

नाना – जाऊ दे ना.

साहेब – विसरलात?

नाना – नाही.

साहेब – मग?

नाना – सांगितलं असतं, तर सापडलं असतं. बावीस जणांकडे तिकीट निघालं होतं. सगळे प्रामाणिक. प्रामाणिक माणसांचं करायचं काय, ते कुठं शिकलोय आपण? एक तरी सापडायला हवा होता मला. सापडली.

साहेब – आणि तुमचं तिकीट?

नाना – माझं काय?

साहेब – तुम्ही बसमध्ये होतात. नोकरीतला पास निवृत्तीच्या दिवशी जमा केलात, मीच सही करून घेतला. निवृत्तांच्या पासाचा अर्ज तुम्ही केलेला नाही. मग तिकीट काढलं होतंत?

नाना – अरे, एकतीस वर्षांत बसचं तिकीट मी कधी काढलेलंच नाही. दुसऱ्यांची बघितली. कंडक्टर जवळ आला, त्यानं मान लववली, मीही लववली. संपलं.

साहेब – म्हणजे त्या बसमध्ये विनातिकीट प्रवासी एकच होता.

नाना – बोल. तू बोलायलाच हवंस. मी असतो, तर याहून वाईट बोललो असतो.

साहेब – मला बोलायचं नाही, नाना. मला वाईट वाटतंय. पण कंडक्टर परवापासून निलंबित आहे. विनातिकीट माणूस बसू दिला, आणि परक्या माणसानं तिकीटवाल्या प्रवाशाला उतरवलं तरी गप्प राहिला. उद्या अकराला त्याची चौकशी. असाच गप्प राहिला, तर नोकरी जाते. अजून धाकटीचं शिक्षण व्हायचंय त्याच्या.

नाना – मग माझं नाव सांग म्हणावं! घाबरतोय कशाला? आता मी त्याला मेमो देणार आहे का?

साहेब – मी सांगून पाहिलं. म्हणाला, "साहेब, बोलायचं तेव्हा मी बोललो नाही. तोंड उघडलं असतं, तर बाई उतरल्या नसत्या. आता नाव सांगून मी कुठला शहाणा?"

नाना – असं म्हणाला?

साहेब – वर विचारत होता, नानांचा चष्मा झाला का.

नाना – कागद दे.

साहेब – नाना, घाई नको. "चक्कर आल्यामुळे भान राहिले नाही" असं लिहिलंत तरी चालेल. वयाकडे बघून वरचे लोक समजून घेतील. त्याचंही निभावेल, तुमचंही.

नाना – कागद दे रे. आणि तुझं पेन. माझ्या खिशाला पेन असायचं, तेही हल्ली लावत नाही. ...हं. "मी, माजी तपासनीस, विनातिकीट प्रवास करीत असताना..."

साहेब – विनातिकीट लिहायलाच हवं का?

नाना – "...अधिकार नसताना प्रवाशांची तिकिटे तपासली. कंडक्टरने मला पूर्वीच्या हुद्द्यामुळे अडवले नाही. दोष माझा आहे. चक्कर वगैरे काही आली नव्हती." घ्या, साहेब.

साहेब – मला कधीपासून साहेब म्हणायला लागलात?

नाना – आत्तापासून. शिक्का मारा.

साहेब – अजून एक आहे. त्या बाई बाहेर बाकावर बसल्यात. तुम्ही येणार हे त्यांना सांगितलं नव्हतं मी. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर त्यांना उद्या या म्हणून सांगणार होतो. बोलावू?

नाना – मागच्या बाजूला दार होतं ना या खोलीला?

साहेब – तिथं आता कपाट आहे.

नाना – बोलाव मग.

(बाई आत येतात. नाना उभे राहतात आणि उभेच राहतात.)

बाई – हे? हेच होते?

साहेब – हो बाई. त्यांनी स्वतः लिहून दिलंय.

बाई – त्या दिवशी उंच वाटला होतात तुम्ही.

नाना – बाई, माझं चुकलं. तिकीट तुमच्याकडे होतं. मी माफी मागतो.

बाई – मागा.

नाना – मागितली.

बाई – खोलीत मागितलीत. उतरवलंत बसमध्ये.

साहेब – बाई, लेखी पत्र देऊ आम्ही. खात्याच्या शिक्क्यानिशी.

बाई – ते काय गळ्यात अडकवून फिरू? शाळेत गणित शिकवते मी. आठ वर्षं तीच बस, तीच माणसं. पत्र कुणाकुणाला दाखवत बसणार?

नाना – मग काय करू? तुम्ही सांगाल ते करतो.

बाई – आठ-चाळीसच्या बसमध्ये चढायचं. मधोमध उभं राहायचं. त्या दिवशी मी कोण होतो, काय केलं आणि त्या बाईंकडे तिकीट होतं, हे सगळ्यांना सांगायचं.

नाना – सगळ्यांना?

बाई – उतरा म्हणालात, तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

साहेब – नाना, जमेल का? नाहीतर मी कुणाला तरी पाठवतो, सूचना वाचून दाखवायला...

नाना – नको. जाईन मी. उद्याच जातो. बाई, तुम्ही नेहमीच्या जागेवर बसा. मी तुमच्याकडे हात करून सांगतो, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

बाई – नाही. मी उद्या बसमध्ये नसेन.

नाना – तुमच्यासाठी तर सांगायचं ना?

बाई – मी असले, तर सगळे परत माझ्याकडेच बघतील. त्यांनी तुमच्याकडे बघायला हवं.

नाना – बरोबर आहे. पण मग मी खरंच सांगितलं की नाही, हे तुम्हाला कसं कळणार? माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

बाई – तुम्ही उतरवलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच बसनं गेले होते. नेहमीच्या जागेवर बसले. शेजारच्या बाईंनी त्यांची पर्स माझ्या बाजूच्या मांडीवरून उचलून पलीकडच्या मांडीवर ठेवली. हसून ठेवली हो. त्यांनाही कळलं नसेल. तेव्हापासून मी चालत जाते. परवा त्याच बाईंच्या शेजारी जाऊन बसेन. पर्स हलली नाही, तर कळेल मला.