शहाण्यासारखं

आत्या : पण मॅडम, तक्रार काय आहे तिची? शाळेतून बोलावणं आलं तशी हातातलं काम टाकून दादाबरोबर धावत आले मी. अहो, वहिनी गेल्यापासून पोरीने एवढासुद्धा त्रास दिला नाही. पाच वर्षांची पोर, पण स्वतःचं ताट स्वतः उचलते.

समुपदेशक : त्याचसाठी बोलावलं, ताई. काल एका मुलाने तिच्या चित्रावर पाणी सांडलं. तर सॉरी तीच म्हणाली.

आत्या : वळण आहे तिला.

समुपदेशक : तुम्हाला काय वाटतं, बाबा?

बाबा : मला? हल्ली कशाचं काही वाटत नाही. ऑफिसला जातो, येतो. ती गप्प असते, मीही गप्प असतो.

समुपदेशक : आधी कशी होती?

बाबा : हट्टी. मोजा उलटा झाला तरी घर डोक्यावर घ्यायची.

समुपदेशक : आईबद्दल काय सांगितलंय तिला?

आत्या : मीच सांगितलं. आई लांब गेलीय, तू शहाण्यासारखी वाग. एवढ्याशा जिवाला आणखी काय सांगायचं?

समुपदेशक : मायेपोटीच सांगितलंत तुम्ही. पण लांब गेलेलं माणूस परत येतं, एवढंच या वयात ठाऊक असतं. कायमचं जाणं उमगत नाही. शिवाय घरात जे घडतं ते आपल्यामुळेच घडतं, असं या मुलांना अगदी खरं वाटतं. परवा ती बाहुलीला दटावत होती, “तू ओरडलीस म्हणून गेली ती. आता गुणी राहा, मग येईल.”

बाबा : त्या दिवशी सकाळी दूध प्यायचं नव्हतं तिला. “जा, मला नकोस तू,” असं ओरडली होती आईवर. मी तिथेच दाढी करत होतो. दुपारी अपघाताचा फोन आला.

आत्या : दादा, कधी बोलला नाहीस हे!

बाबा : डोक्यातून गेलंच होतं. आत्ता आठवलं.

आत्या : म्हणजे पोर वाट बघतेय? आणि मी रोज शाबासकी देतेय तिला?

समुपदेशक : आता सरळ सांगा. ‘झोपली’ नको, ‘देवाघरी गेली’ नको. ‘मेली’ म्हणा. जीभ रेटत नाही, पण मुलांनी मेलेलं पाखरू पाहिलेलं असतं, त्यांना कळतं. आणि पुन्हा पुन्हा विचारेल ती. दर वेळी तेच सांगावं लागेल.

आत्या : मी सांगू का, दादा?

बाबा : नको. मी सांगतो.

[त्याच संध्याकाळी, घरी. बाबा आणि मुलगी पलंगावर बसले आहेत.]

मुलगी : बाबा, मी सगळे खडू डब्यात भरले.

बाबा : पाहिलं. इकडे ये. आईबद्दल सांगायचंय.

मुलगी : येतेय?

बाबा : नाही गं. आई मेली. गाडीची धडक बसली, तिचं शरीर बंद पडलं. डॉक्टरांनी खूप केलं, पण उपयोग झाला नाही. ती परत येणार नाही.

मुलगी : मी चांगली वागले तरी?

बाबा : तरी.

मुलगी : खूप खूप चांगली?

बाबा : तरी नाही. आणि तू ‘जा’ म्हणालीस म्हणूनही नाही गेली. बोलण्याने कुणी मरत नाही.

मुलगी : रागावली होती ती.

बाबा : नव्हती. मी होतो ना तिथे. दार ओढून घेताना हसत होती. म्हणाली, “संध्याकाळी बघ, हीच येऊन बिलगेल मला.”

मुलगी : हसत होती?

बाबा : हो.

मुलगी : आता तिला भूक लागते?

बाबा : नाही. मेल्यावर भूक लागत नाही.

मुलगी : थंडी?

बाबा : थंडीही नाही वाजत.

मुलगी : मग तिचा निळा स्वेटर मी घेऊ?

बाबा : घे. थांब, काढून देतो. हं, हात घाल. मोठा होतोय, बाह्या दुमडतो.

मुलगी : नको! नको दुमडू! मला लांबच पाहिजेत!

बाबा : बरं. राहू दे लांबच.