‘लॉकआउट’चा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कोपरीच्या या वसाहतीचे वडीलधारे आदरणीय भगवानराव, त्यांच्या शेजारी बसलेले माझे स्नेही गोपीनाथराव, चेंदणी कोळीवाड्यातून खास आलेल्या मनुबाई, आपल्या दत्त भजनी मंडळाचे टाळकरी, समोर बसलेल्या माता-भगिनी, मागे उभी असलेली तरुण मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती चंदू, कान्हा आणि पोपट, आपणा सर्वांना या विश्रामचा नमस्कार.

माइक थोडा खाली घ्या. हां, बरं झालं. मी खेड्यातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढचं शिक्षण वागळे इस्टेटमध्ये मशीनवर झालं. त्यामुळे भाषणाची सवय नाही. तरी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मला बोलायला उभं केलं आहे, आणि त्याला एक कारणही आहे. ते कारण ओघात येईलच.

या तीन मुलांचा बँड आठ वर्षांचा झाला. सन एकोणनव्वदमध्ये त्यांनी आमच्या भजनाची खोली मागितली. भजन गुरुवारी, आणि इस्टेटची सुट्टी शुक्रवारी, म्हणून आम्ही शुक्रवार दिला. आम्हाला वाटलं, मुलं सिनेमाची गाणी वाजवतील, गणपतीत उपयोग होईल. पहिल्या शुक्रवारी आवाज ऐकला आणि मी चहाचा कप तसाच ठेवून धावलो. वाटलं, खोलीचा पत्रा कोसळला. दार उघडलं तर तिघेही आनंदात होते.

मी विचारलं, “हे काय?”

पोपट म्हणाला, “काका, रॉकचं गाणं आहे, अर्धं पंक, अर्धं मेटल.”

“फरक काय?”

“पंक म्हणजे वाजवता नाही आलं तरी चालतं. मेटलला एकदम तयारी लागते.”

“मग तुम्ही कुठले?”

“आम्ही मधेच लटकलोय, काका.”

पुढे एकदा तो म्हणाला, आम्ही अंडरग्राउंड बँड आहोत. मी घाबरलो. म्हटलं, पोलीस शोधतात की काय? तर म्हणतो, “नाही ओ, कोणीच शोधत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

चंदूनं आयटीआयमध्ये शिकलेल्या विद्येवर जुन्या रेडिओतून अँप्लिफायर बनवला. त्याला हात लावला की शॉक बसे, म्हणून गाणं म्हणताना तो रबरी स्लिपर घालत असे. लोक समजत, ही यांची फॅशन. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोपटनं अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचे ट्रे आणून भिंतीला चिकटवले. भजनाच्या खोलीत अंड्यांचे ट्रे! मंडळात केवढा वाद झाला, तो आठवतो ना? मी निर्णय दिला की अंडं वेगळं आणि पुठ्ठा वेगळा. आणि दत्तगुरूंची शपथ घेऊन सांगतो, त्या दिवसापासून आपलं भजनही अधिक स्वच्छ ऐकू येऊ लागलं. ते ट्रे कुणी काढले नाहीत.

कल्याणच्या एका मंडळानं यांना ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं. दुसऱ्या गाण्याला चपला येऊ लागल्या. कान्हा ड्रमच्या मागे वाकून वाजवत राहिला आणि पोपट चपला गोळा करत राहिला. परत येताना त्याचा चेहरा उतरलेला. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणतो, “एवढ्या आल्या काका, पण एकीची जोडी जुळेल तर शपथ!” डोंबिवलीच्या एका कॉलेजात पहिल्याच ठोक्याला फ्यूज उडाला. ठाकुर्लीला बारशाला वाजवलं, बाळ शांत झोपलं आणि आजोबांना चक्कर आली. पोपट दोनदा भांडून बँड सोडून गेला, आणि दोन्ही वेळा पुढच्या शुक्रवारी सगळ्यात आधी येऊन बसला.

यश मिळालं ते कोळीवाड्यात. कान्हा मूळचा हळदीत वाजवणारा, बँजो पार्टीचा. एका हळदीला पार्टीची गाडी आलीच नाही, तेव्हा हे तिघे उभे राहिले. आधी कुणी नाचायला उठेना. मग मनुबाई, म्हणजे कान्हाच्या आई, पदर खोचून मधे आल्या. मनुबाई, तुम्ही काय म्हणालात ते सांगू का? त्या म्हणाल्या, “ताल त आपलाच हाय गो, पोरा निस्ती बोंबलतान जास्त!” आणि सारा मांडव नाचला. हसा, हसा. मलाही हे सांगताना बरं वाटतं आहे, आणि म्हणूनच मी ते लांबवतो आहे. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

या बँडचं नाव ‘लॉकआउट’. गोपीनाथरावांच्या कंपनीला टाळं लागलं ते वर्ष एकोणनव्वदच. बावीस वर्षांची नोकरी, आणि एका सकाळी गेटवर कागद. त्याच महिन्यात त्यांच्या मुलानं, चंदूनं, बँडला हे नाव दिलं. गोपीनाथराव तेव्हा माझ्याकडे आले होते. म्हणाले, “विश्रामराव, माझ्या पोटावर पाय आला आणि याला त्याचं गाणं सुचतंय.” बाप-लेक एका खोलीत राहतात, एका ताटलीतली भाकरी मोडतात, पण तेव्हापासून त्यांच्यात जेवणापुरतंच बोलणं.

या दसऱ्यानंतर त्या कंपनीतली मशीनं विकली. ट्रक आले. त्या दिवशी या तिघांनी हातगाडीवर भाड्याचा जनरेटर चढवला आणि गेटसमोर जाऊन वाजवायला सुरुवात केली. जुने कामगार जमले, रस्ता अडला, ट्रक थांबले. पोलिसांनी तिघांना चौकीत नेलं. सोडवायला गोपीनाथराव गेले. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही, त्यानं मुलाच्या वयाच्या हवालदाराला हात जोडले. घरी आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “हे थांबवा. मला पुन्हा हात जोडायला लावू नका.”

आम्ही ज्येष्ठ मंडळी भगवानरावांच्या घरी बसलो. कुणी म्हणालं, खोलीला कुलूप घाला. कुणी म्हणालं, वाद्यं बाहेर काढा. मी म्हणालो, “रागावून ती ऐकणार नाहीत. आपण त्यांचा सत्कार करू.”

हा विचार मला सुचला कुठून? आमच्या गावच्या देवळात दगडूबुवा पखवाज वाजवत. वय झालं, हात मागे पडू लागला. गावाला नवा वादक हवा होता, पण बुवांना तोंडावर सांगणार कोण? तेव्हा गावानं सभा भरवली. शाल, श्रीफळ, फेटा, चार चांगले शब्द. बुवांचे डोळे भरून आले. पुढच्या एकादशीला ते देवळात मागच्या खांबाशी येऊन बसले. मी लहान होतो, मी विचारलं, “बुवा, पखवाज?” ते म्हणाले, “आता माझा सत्कार झाला ना, बाळा.”

इतक्या वर्षांनी मी त्यातलं बुवांचं दुःख विसरलो आणि गावाची युक्ती तेवढी लक्षात ठेवली.

तर मंडळी, ठरलं ते असं. भरल्या सभेत, अंगावर शाल असताना, आईबापांसमोर मुलगा नाही म्हणत नाही. म्हणून आधी शाली द्यायच्या, मग मी गोड बोलायचं, आणि शेवटी विचारायचं, “बाळांनो, आठ वर्षं झाली, आता कामाधंद्याला लागा, बँड इथेच थांबवा आणि खोलीची किल्ली अध्यक्षांच्या हाती द्या.” फलकावर ‘सत्कार समारंभ’ लिहायचं. निरोप हा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही. भगवानराव, आपण माझ्याकडे असं पाहू नका. यात आपला दोष नाही. युक्ती माझी होती.

आमंत्रण द्यायला मीच खोलीवर गेलो. पोपटला आधी खरंच वाटेना. “काका, आमचा? नक्की आमचाच ना? पत्ता चुकलात का?” असं तीनदा विचारलं. आज तो कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आला आहे, आणि साहेबाला त्यानं कारण अभिमानानं सांगितलं आहे. कान्हाचे केस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, कमरेला टेकत होते. आठ वर्षं मनुबाईंनी ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, एकवीरा आईला नवस बोलून पाहिला. काल तो स्वतःहून कात्रीखाली जाऊन बसला. का? तर व्यासपीठावर मोठी माणसं असणार, बरं दिसलं पाहिजे. आज दारात तो माझ्या पाया पडला तेव्हा ती मोकळी मान मला दिसली. मी आशीर्वाद दिला. कसला आशीर्वाद दिला, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि चंदू. आमंत्रण देऊन निघताना मी त्याला सहज विचारलं, “तू आठ वर्षं ओरडतोस ते काय रे? एक शब्द कळत नाही.” तो हसला. म्हणाला, “कोणी विचारलंच नाही.” मग वाद्याशिवाय, साध्या आवाजात त्यानं चार ओळी म्हणून दाखवल्या. गोपीनाथराव, त्या तुम्ही ऐकलेल्या नाहीत. चंदू, मी तुला न विचारता म्हणतो आहे, हाही माझाच अपराध.

बाप सकाळी बूट पुसतो,
भोंगा झाला का विचारतो.
भोंगा नाही, गेटला टाळं,
कोण सांगणार? कोण सांगणार?

गोपीनाथराव, कंपनी बंद झाल्यावर तुम्ही कितीतरी दिवस रोज सकाळी कंपनीचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवत होता. आम्ही शेजारी ते पाहून तोंड फिरवत होतो. मी तर तुमच्या दारावरून जायचं टाळत होतो, कारण माझी कंपनी चालू होती. त्या वेळी तुमच्याजवळ बसून कुणी बोललं नाही. एक पोरगा बोलत होता, पण त्याला जे बोलायचं ते बेंबीच्या देठापासून ओरडल्याशिवाय बोलता येत नव्हतं. त्या गेटसमोर तो ओरडला ते तुमची अब्रू घालवायला नव्हे. ‘कोण सांगणार’ याचं उत्तर तो मशीनं नेणाऱ्यांना विचारत होता.

आपण बसा गोपीनाथराव, उठू नका. चंदू, बाबांना पाणी दे.

मी रोज संध्याकाळी दत्तगुरूंपुढे दिवा लावतो. या आठवड्यात लावताना हात जोडले, पण मान वर करवली नाही. ज्या देवाच्या नावानं ही खोली आहे, त्याच्या नावावर मी सापळा रचला, आणि त्याला सत्कार म्हटलं. आज सकाळपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की मुलांच्या भल्यासाठीच आहे. मुलांचं भलं त्यात असेलही. पण ज्याचं भलं करायचं त्याला आधी फसवायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलं आहे?

म्हणून तो शेवटचा प्रश्न मी आज विचारणार नाही. मंडळाला तो विचारायचा असेल तर जरूर विचारावा. खोली मंडळाची आहे, शेजाऱ्यांच्या कानांचाही हक्क आहे, आणि गोपीनाथरावांनी हात जोडले तेही खोटं नाही. पण ते यांच्या दारात जाऊन, समोरासमोर, हार-नारळ न देता विचारावं. मुलांनो, या शाली उतरवून ठेवा. त्यांचा तुमच्यावर काहीही भार नाही. कुणी विचारलं आणि नाही म्हणावंसं वाटलं, तर नाही म्हणा. हो म्हणालात तर ते तुमच्या मनानं असू द्या.

अध्यक्षांनी मला बोलण्याची संधी दिली, त्यांचे आभार. मनुबाई, आपण कामं टाकून आलात, आपले आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, सरबत करणाऱ्या भगिनींचे आभार. माझं बोलणं लांबलं, ठरलेल्या वाटेवरून खालीही उतरलं. त्याबद्दल मंडळानं मला पुढच्या बैठकीत जे सुनावायचं ते सुनावावं, मी मान खाली घालून ऐकेन. आणि चंदू, कान्हा, पोपट, तुम्ही मोठ्या मनाची मुलं आहात, आत्ता खाली उतरलो की “जाऊ द्या ओ काका” म्हणाल. तेवढं म्हणू नका. मला इतक्या लवकर क्षमा करू नका, ही विनंती करून मी खाली बसतो.