दगडी बाईच्या पायाशी गुलाब

लोकप्रथा रुजायला पिढ्या लागतात, असे मी आयुष्यभर ठामपणे शिकवले, आणि मग आम्ही मुलीकडे इंग्लंडला गेलो. तिथे एका जुन्या सरदारी हवेलीच्या बागेत दगडी स्त्रीमूर्ती होती. "मूर्तीसमोर रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं?" म्हणत आमच्या सौभाग्यवतींनी गळून पडलेला गुलाब तिच्या पायाशी ठेवला. मागच्या दोन गोऱ्या बायकांनीही तसेच केले. आम्ही चहा घेऊन परतलो, तर तिथे फुलांचा ढीग! गाइड नव्या पाहुण्यांना सांगत होता, "ही इथली फार जुनी प्रथा आहे."

मी खुलासा करायला सरसावलो. सौभाग्यवतींनी माझे कोपर धरले.

"अहो, थांबा! तुमच्या ग्रंथांतल्या प्रथा सुरू झाल्या, तेव्हा तुम्ही कुठे हजर होतात?"

मीही फूल शोधू लागलो.