सान्वीमार्फत शिकवलेलं विज्ञान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह माननीय रवींद्र कर्णिक साहेब, मुख्याध्यापिका मृणालताई, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या टिपणीसबाई, त्यांचे यजमान सलिलराव, माझे सहकारी, पालकवर्ग, आणि पंख्याखालच्या जागा आधीच धरून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

शाळेत कुणाचाही निरोप समारंभ असला की भाषण माझ्याकडे येतं. मी चांगलं बोलतो म्हणून नव्हे. नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि शेवटच्या तासापर्यंत ती माझ्यात उरत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे. गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच जणांना निरोप दिला. नव्या शिक्षकाच्या स्वागताचं भाषण मात्र कुणी मला सांगितलं नाही, कारण नवं कुणी आलंच नाही. जागा रिकामी होते आणि तास आमच्यात वाटले जातात. कार्यवाहसाहेब, ही तक्रार नव्हे. तक्रारीला जो उत्साह लागतो तोही आता राहिलेला नाही. फक्त एवढंच की बाईंचा आज शेवटचा दिवस आहे, दहावीचं विज्ञान अर्ध्यावर आहे, आणि सोमवारी त्या वर्गावर कोण जाणार हे मला अजून माहीत नाही.

बाईंच्या कार्याचा गौरव मृणालताईंनी केलाच आहे. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. बाई, तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघताय, म्हणजे कोणती गोष्ट ते तुमच्या लक्षात आलंय. दहावी ब ला ती पाठ आहे, तेव्हा मी कुणाचं गुपित फोडतोय असं समजू नका.

हा वर्ग नववीत असताना बाई फळ्यावर आरशाचं उदाहरण सोडवत होत्या. आपली रसिका उभी राहिली. वर्गात सगळ्यात जास्त हात वर करणारी मुलगी. ती म्हणाली, बाई, क्लासमध्ये सरांनी हे वेगळ्या पद्धतीने शिकवलंय, ती पद्धत सोपी आहे. क्लास म्हणजे स्टेशनजवळ, फरसाणच्या दुकानाच्या वरचा. आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर खडूने हात पांढरे केलेल्या शिक्षकाला हे वाक्य कसं लागत असेल? आम्ही सगळ्यांनीच ते कधी ना कधी ऐकलंय. बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मग क्लासच्या सरांनाच विचार. यापुढे मला काही विचारू नकोस.”

असं आपण घरीदारी रोज बोलतो. समोरच्याने ते मनावर घेऊ नये अशीच अपेक्षा असते. रसिकाने ते पाळलं. दुसऱ्या दिवसापासून तिने बाईंना एकही प्रश्न विचारला नाही. बाईंना वाटलं, केवढा हा ताठा. तिला वाटलं, मी तर सांगितलं तेच करतेय. आणि दोघींमध्ये अबोला पडला.

पण विज्ञान तर शिकवायचं होतं. म्हणून रसिकाच्या बाकावर बसणारी सान्वी कामाला लागली. बाई म्हणायच्या, सान्वी, तिला सांग, आकृतीत बाण दाखवलेले नाहीत. रसिका तिथेच, हातभर अंतरावर बसून म्हणायची, सान्वी, बाईंना सांग, बाण मागच्या पानावर आहेत. वर्ग खाली मान घालून हसायचा. मी पर्यवेक्षक म्हणून एकदा फेरी मारताना हे ऐकलं आणि मलाही व्हरांड्यात जाऊन हसावं लागलं.

यात एक गंमत झाली. सान्वीला इकडचं तिकडे सांगायचं, तर आधी तिला ते कळायला हवं. ती अर्धवट सांगायची, रसिका परत पाठवायची, बाई पुन्हा समजावायच्या. जी मुलगी विज्ञानात कशीबशी पास व्हायची, तिला सहामाहीत एवढे मार्क मिळाले की तिचे वडील पेढे घेऊन शाळेत आले. आम्ही स्टाफरूममध्ये ते पेढे खाल्ले. बाईंनीही खाल्ला.

आणि रसिकाचं काय झालं? तिने भिंगाची आकृती काढायचा प्रश्न कोरा सोडला होता. बाईंनी मला तिचा पेपर दाखवला. म्हणाल्या, “अहो सर, चुकीचं लिहिलं असतं तरी चाललं असतं. ही पोरगी माझ्याशी भांडून लिहिणारी. हिने कोरं सोडलं.” त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

मला तेव्हा जे कळलं ते अनेक प्रशिक्षणांना बसूनही कळलं नव्हतं. ‘बाण कुठे आहेत’ हे दुसऱ्याच्या तोंडून विचारता येतं. ‘मला यातलं काहीच कळलं नाही’ हे नाही सांगता येत. ते सांगायला समोरचा माणूस आपला वाटावा लागतो. वर्गात पोरं शिकतात ती एवढ्या एका भरवशावर. फळा, पुस्तक, त्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीन, सगळं त्याच्या नंतर येतं.

मी मध्यस्थी करून पाहिली. रसिकाला म्हटलं, अगं, बाईंची माफी मागून टाक. ती म्हणाली, “सर, पण मी काय चुकीचं केलं? बाई म्हणाल्या विचारू नकोस. मी नाही विचारलं.” मग मी बाईंकडे वळलो. बाईंना म्हटलं, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही बोला. त्या म्हणाल्या, मी मोठी आहे म्हणूनच तर अडलंय. त्या खूप थकलेल्या वाटल्या. खरं सांगतो, अभ्यासक्रम आम्हाला इतकं थकवत नाही. असं एखादं पोर हातातून सुटतंय असं दिसलं की मात्र आम्ही पार गळून जातो.

आज सकाळी सान्वी माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, मी आता नाही सांगणार कोणाला काही. तोंड दुखलं माझं.” तेव्हा अध्यक्ष महोदय, आज या शाळेतून दोघीजणी निवृत्त होताहेत याची कृपया नोंद घ्यावी. सान्वीचीही जागा भरली जाणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता पुष्पगुच्छ द्यायचा आहे. तो कुणी द्यायचा हे मी ठरवलं, आणि ती पायरीशी उभी आहे. ये रसिका, वर ये.

बाई, तुमची ती आज्ञा अजून लागू आहे. या मुलीने ती दीड वर्ष पाळली. ती मागे घेण्याचा अधिकार मला नाही, मृणालताईंना नाही, संस्थेलाही नाही. तो फक्त तुम्हाला आहे, आणि तोही आज शाळा सुटेपर्यंतच. सान्वीकडे बघू नका, ती सुटलीय आता. माईक देऊ का? नको? बरं.

मंडळी, बाई हळू बोलल्या, मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. त्यांनी विचारलं, “रसिका, कुठे अडलं?”

आणि ती म्हणाली, “पहिल्यापासूनच, बाई.”

मंचावर खुर्ची एक जास्तीची आहे, ती जरा बाईंच्या शेजारी सरकवा. पुष्पगुच्छ टेबलावर ठेवा, त्याची घाई नाही. सलिलराव, बाईंना घरी पोचायला आज उशीर होईल असं दिसतंय, त्याबद्दल तुमची माफी मागतो. अध्यक्षांचं मनोगत मी मध्येच अडवून धरलंय, त्यांनीही मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी आपला आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, काही उणंअधिक झालं असेल, तर ते दमलेल्या माणसाचं म्हणून सोडून द्या.

आणि अमृता पोरी, तू मागच्या फळ्याजवळ आहेसच, तर एक खडू दे त्यांना.